अस्सल पोस्टर पाहिजे होतं

वाण्यानं जिरं बांधून दिलं होतं. खोलीवर येऊन पुडी सोडली तर कागदावर एका बाईचा अर्धा चेहरा. एक डोळा, अर्धी टिकली, कानातलं. कागद जाड होता आणि रंग असा, की बोट लावलं तर बोटाला लागेल असं वाटावं. मी तेव्हा अमरावतीला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. हातानं करून खात होतो. जिरं वाटीत ओतलं आणि कागद घेऊन दुकानात परत गेलो.

"याचा दुसरा अर्धा कुठं आहे?"

"कायचा?"

"या बाईचा."

वाण्यानं कागद उलटसुलट करून पाहिला. "गेला असन कोनाच्या गुळासंगं. काहून, बाईची वळख हाये का?"

दुकानातली माणसं हसली. मीही हसलो, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो आणि ही रद्दी येते कुठून ते विचारून घेतलं.

ती येत होती सिनेमावाल्यांच्या कचेऱ्यांतून. साऱ्या वऱ्हाडात आणि नागपूरकडे जे सिनेमे लागत, त्यांच्या पेट्या आमच्या अमरावतीहून जात. वितरकांच्या कचेऱ्या तिथं ओळीनं होत्या. रिळांच्या पेट्यांबरोबर पोस्टरांचे गठ्ठे असत. उरलेले गठ्ठे गोदामात पडून राहत आणि जागा अडू लागली की रद्दीत जात. अशाच एका कचेरीत एक वयस्क कारकून होते. त्यांच्याकडे मी जाऊ लागलो. आधी त्यांना वाटलं, मी नट व्हायला निघालो आहे. मग वाटलं, दुकान टाकणार आहे. दोन्ही नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं आणि गोदाम उघडून दिलं.

पोस्टर कसं पाहायचं ते मी त्यांच्याकडून शिकलो. जुनं पोस्टर दगडावरून छापलेलं. भिंग धरलं की रंगात बारीक कण दिसतो, रव्यासारखा. घड्या आठ असतात, कारण ते घडी घालूनच टपालानं यायचं. खालच्या कडेला छापखान्याचं नाव असतं आणि त्याच्याही खाली, डोळे बारीक करून वाचावं लागेल अशा अक्षरांत, वितरकाची ओळ. सिनेमा काही वर्षांनी पुन्हा लागला की पोस्टर नव्यानं छापत. तेच चित्र, तेच रंग. पण ते पोस्टर पहिलं नव्हे. कारकून म्हणायचे, "चित्र कोनीबी पाहाते. तुमी खालची ओळ पाहा."

बी.ए. झालो. हे मी जरा थांबून सांगतो, कारण आमच्या घरात माझ्याआधी मॅट्रिकसुद्धा कुणी नव्हतं. तिवश्याजवळच्या आमच्या गावात त्या दिवशी वडिलांनी भेटेल त्याला सांगितलं. त्याचा मला अभिमान होता आणि अजून आहे. पण त्या दिवसापासून घरात एक गोष्ट बदलली. मी गेलो की वडील बाज मला द्यायचे आणि स्वतः खाली बसायचे. आई आधी भांडं आपटून मला बोलायची, ते तिनं बंद केलं. घरात मला कुणी रागावेनासं झालं. एकदा पेटीतली पोस्टरं वडिलांनी पाहिली.

"हे कागद कायचे हायेत?"

"जुने आहेत, बाबा."

"जुने तं दिसूनच राहिले. पन कायले?"

मी काहीतरी सांगू लागलो. त्यांनी मान डोलावली, समजल्यासारखी. आधी असते तर म्हणाले असते, येड लागलं का तुले. आता बी.ए. झालेल्या माणसाला तसं कसं म्हणणार.

नोकरी अकोल्याच्या एका शाळेत लागली. ताजनापेठेच्या बाजूला खोली घेतली. पोस्टरं भिंतीला लावायची सोय नव्हती. घरमालकाची हरकत होती आणि मलाही खिळा मारणं पटत नव्हतं. म्हणून ती सपाट ठेवून त्यांच्यावर सतरंजी आणि सतरंजीवर गादी, अशी व्यवस्था केली. पन्नासेक चेहऱ्यांवर मी रोज झोपत असे. माझ्या लग्नाचं पाहायला दोघेजण आले होते. त्यांच्या देखत गादी उचलण्याची चूक मी केली. खालून नट्या निघाल्या. ते पाणी पिऊन गेले ते गेलेच.

शाळेतले बाकीचे शिक्षक बहुतेक वकील-भिक्षुकांच्या घरातले. त्यांच्या घरी तीन पिढ्यांची पुस्तकं. वाईट कुणी नव्हतं, पण मी बोललो की ते ऐकत कमी आणि माझी बोली जास्त तपासत. मी सावधपणे पुस्तकी बोलू लागलो. अशा माणसाला कुणाशी गप्पा मारता येत नाहीत. तो फक्त वाक्यं तयार करतो.

एकदा मात्र मला वाटलं, आपल्याकडे या लोकांना दाखवण्यासारखं काही आहे. बोलपट नवे होते त्या काळचं एक पोस्टर मला खामगावच्या एका माणसाकडून मिळालं. पैसे बरेच मोजले. कागद पिवळा पडलेला, घड्या आठ, रंगात रवा असल्यासारखा वाटला. मी ते शाळेत नेलं आणि मधल्या सुट्टीत टेबलावर पसरलं. सगळे जमले. आमचे इतिहासाचे शिक्षक चष्मा वर करून खाली वाकले आणि ती बारीक ओळ मोठ्यानं वाचू लागले.

"मध्य प्रदेशासाठी वितरक." ते सरळ झाले. "हे किती सालचं म्हणालात?"

मी सांगितलं.

"मग त्या वेळी मध्य प्रदेश कुठं होता हो? मध्यप्रांत आणि वऱ्हाड होता. मध्य प्रदेश हा स्वातंत्र्यानंतरचा. शाळेतली पोरं चुकतात त्यात, पण आपण चुकू नये."

कुणी मोठ्यानं हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. एकजण म्हणाला, "कागद चहात बुडवून वाळवला असावा. रंग छान आलाय." घंटा झाली. मी पोस्टर घडी करून दप्तरात ठेवलं आणि आठवीच्या वर्गावर व्याकरण शिकवलं. कारकुनांनी इतकं सांगूनही चित्र पाहून भुललो होतो, ओळ पाहिलीच नव्हती.

त्या दिवसापासून मला एकच पाहिजे होतं. असं एक पोस्टर, की ज्याच्यावर बोट ठेवायची कुणाची हिंमत होणार नाही. कोणतं, तेही ठरलं होतं. एका जुन्या बोलपटाचं, नदीत दिवा सोडणाऱ्या बाईचं. अमरावतीच्या कारकुनांनी ते तरुणपणी हाताळलं होतं आणि त्याच्या निळ्या रंगाबद्दल ते असं बोलत, की मला तो निळा डोळे मिटून दिसे. पण त्यांच्या गोदामात ते नव्हतं.

"एक मानूस हाये," ते म्हणाले. "तुमच्या अकोल्यालेच. तंबू टॉकीजवर पेंटर होता. त्याच्यापाशी असन तं असन."

जत्रांतून आणि बाजारगावांतून तंबू ठोकून सिनेमा दाखवणारे, त्यांच्यातले हे पेंटर. कापसाच्या जिनिंग कारखान्यामागं एका खोलीत एकटे राहत होते. बायको गेलेली, मुलगी अकोटला दिलेली. मी गेलो तेव्हा ते एका दुकानाच्या पाटीवर अक्षरं काढत होते. हात थोडा कापत होता, पण कुंचला पाटीला लागला की कंप थांबायचा.

"काकाजी, ते दिव्याचं पोस्टर आहे का तुमच्याकडं?"

"हाये."

"दाखवता?"

"दाखवीन ना. बसा तं आधी. कोन तुमी? मास्तर? बसा मास्तर."

त्या दिवशी त्यांनी दाखवलं नाही. पुढच्या रविवारीही नाही. पेटी वर आहे, कंबर धरली आहे, किल्ली सापडत नाही. दर वेळी काहीतरी निघायचं. मी दर रविवारी जाऊ लागलो. ते पाटीला रंग देत बसायचे, मी चहा ठेवायचो, आणि बोलणं चालायचं. पोस्टर चिकटवायची खळ कशी करायची ते त्यांनी मला सांगितलं: कणीक पातळ शिजवायची आणि उतरवताना चिमूटभर मोरचूद टाकायचं, म्हणजे झुरळ लागत नाही. तंबूच्या गाडीमागं बोर्ड बांधून गावातून फिरवताना बैल बुजू नयेत म्हणून बोर्डावर लाल रंग कमी वापरायचा, असंही सांगितलं. यातलं खरं किती आणि मला खूष करायला किती, कोण जाणे.

"मास्तर, तुमी असं पुस्तकावानी काहून बोलता?" एकदा त्यांनी विचारलं.

"सवय झाली."

"माह्यासंगं नका बोलू तसं. मले वाटते तपासनी आली."

मी हसलो आणि त्या खोलीत वऱ्हाडी बोलू लागलो. सबंध अकोल्यात तेवढी एकच जागा होती. रविवारी जरा उशीर झाला तर ते दारात उभे असायचे. आणि मी दिसलो की लगेच आत जाऊन कामात असल्यासारखे बसायचे.

असं चार-पाच महिने चाललं. पण मला पोस्टर पाहिजे होतं. ते मी विसरलो नव्हतो, आणि विसरलो नव्हतो याचा मला तेव्हा अभिमान वाटत होता. एका रविवारी मी चहा ठेवला नाही. म्हणालो, "काकाजी, आज दाखवाच. नसलं तं तसं सांगा."

त्यांनी कुंचला बाजूला ठेवला. मग स्टुलावर चढले. पेटी खाली घेतली, किल्ली त्यांच्या करगोट्यालाच होती. आत जुन्या धोतरात गुंडाळलेली सुरळी. त्यांनी ती खाटेवर उलगडली आणि चारी कोपऱ्यांवर रंगाच्या वाट्या ठेवल्या.

निळा होता. तसाच, कारकुनांनी सांगितला तसा. किंवा त्याहून खोल. बाई गुडघाभर पाण्यात उभी, ओंजळीत दिवा, आणि ती सरळ माझ्याकडे पाहत होती. माझ्या अंगावर काटा आला. आणि पुढच्याच क्षणी मी खिशातून भिंग काढलं.

रवा नव्हता. कुंचल्याचे फटकारे होते. खालची कड पाहिली. छापखाना नाही, वितरक नाही, कसलीच ओळ नाही.

"हे छापील नाही," मी म्हणालो.

"छापील कुठून असन? छापील दोन यायचे पेटीसंगं आन पेटीसंगंच पुढच्या गावाले जायचे. तंबूवर लावाले ते पाहूनशान मी काढत होतो. हे त्या सालचंच हाये. तंबूवर लागलेलं हाये हे, मास्तर."

"पण अस्सल नाही, काकाजी. ही नक्कल आहे. याला किंमत नाही."

मी हे शाळेतल्या बोलीत बोललो. ते मला बोलताना कळलं, तरी थांबलो नाही. म्हणालो, चार महिने मला उगाच का हेलपाटे घालायला लावले, पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं. त्यांनी वाट्या एकेक करून उचलल्या. पोस्टर आपोआप गुंडाळलं गेलं.

"हेलपाटे," ते एवढंच म्हणाले.

पुढच्या रविवारी मी गेलो नाही. त्याच्याही पुढच्या नाही. मनाशी म्हणायचो, जाऊन काय बोलायचं. खरं तर माफी मागायची होती आणि ती मागायला जड जात होती. सरळ बोलणारा माणूस म्हणून मी स्वतःचं कौतुक करत आलो होतो. सरळ बोलून झाल्यावर काय करायचं असतं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. रविवार मोठे झाले. मी वह्या तपासायचो, दुपारी गादीवर पडायचो, संध्याकाळी स्टेशनपर्यंत चालत जाऊन परत यायचो.

वर्षभरानं अमरावतीहून कार्ड आलं. कारकुनांची कचेरी जागा बदलत होती. गोदाम रिकामं करताना तळाशी काही गठ्ठे निघाले होते. मी बडनेऱ्याला गाडी बदलून गेलो. गठ्ठ्यात, घडी न उलगडलेलं, दिव्याचं पोस्टर होतं. भिंग लावलं. रवा होता. छापखाना होता. खाली बारीक अक्षरांत, 'मध्यप्रांत व वऱ्हाडकरिता'. कारकुनांनी मागितले ते पैसे मी घासाघीस न करता दिले.

सोमवारी शाळेत नेलं. टेबलावर पसरलं. इतिहासाच्या शिक्षकांनी माझं भिंग मागून घेतलं, बराच वेळ पाहिलं, उलटं करून पाठ पाहिली.

"अस्सल आहे," ते म्हणाले. "अभिनंदन."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकानं विचारलं, आज सातवीचा तास कुणाचा आहे. मग घंटा झाली आणि सगळे आपापल्या वर्गांवर गेले. टेबलाजवळ मी आणि पोस्टर. ज्याची इतके दिवस वाट पाहिली ते एवढंच होतं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. अजून काय करायला पाहिजे होतं त्यांनी? माझ्या लक्षात आलं, की हे खरंच कुणाला दाखवायचं असेल तर तसा माणूस जगात एकच आहे.

त्या संध्याकाळी मी जिनिंगमागं गेलो. खोलीला दुसऱ्याच कुणाचं कुलूप. शेजारच्या बाईनं सांगितलं, बुढे दिवाळीपासून लेकीकडे अकोटले राहते, हात पार गेला त्यायचा.

रविवारी पोस्टरची सुरळी करून घेतली आणि एसटीनं अकोटला गेलो. घर शोधायला वेळ लागला नाही. कुडाच्या भिंतींच्या दोन खोल्या, बाहेर कपाशीच्या पऱ्हाटीचा ढीग. ते ओट्यावर उन्हात बसले होते. मला पाहून उठायला लागले.

"या साहेब," ते म्हणाले.

मास्तर म्हणाले नाहीत. त्यांनी लेकीला हाक मारून सतरंजी टाकायला सांगितली. आम्ही आत बसलो. मी सुरळी उलगडली आणि दोन्ही टोकं गुडघ्यांखाली धरली. मनात वाक्यं तयार करून गेलो होतो, त्यातलं एकही आठवलं नाही.

ते पुढं वाकले. कापरी बोटं कागदाला न लावता त्याच्यावरून फिरवत राहिले, जसं काही ऊब घेत होते. चेहरा खुलला.

"हेच. हेच होतं ते. पाहा साहेब, हिचे डोये खाली हायेत. दिव्याकडे पाहून राहिली. मी वर काढले होते."

"का?"

"तंबू दूर राह्यते गावापासून. खाली पाहानाऱ्या बाईकडे कोन पाहीन? तिनं पाह्यलं पायजे मानसाकडे, तवा तो येते." ते हसले. "मालक बोलला होता मले. मंग तंबू भरला, तं चूप बसला."

"ते कुठं आहे, काकाजी? तुमचं?"

त्यांनी पलीकडच्या भिंतीकडे हनुवटीनं दाखवलं. पांढऱ्या मातीनं सारवलेली साधी भिंत होती.

"तथून वारा लय येत होता. कूड फाटला होता. लावून देल्लं चिटकवून, आन वरून सारवलं. चित्र कुडाच्या बाजूनं."

गुडघ्याखालचं एक टोक सुटलं, ते मी पुन्हा धरलं.

"तुमी म्हनलं होतं, नक्कल हाये, किंमत नाई," ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती, तेच वाईट होतं. "मले काय समजते? तुमी शिकलेले. इतके साल मी त्याले उगाच जपून राहिलो होतो."

"माझं चुकलं, काकाजी. तेच अस्सल होतं. मले अक्कल नव्हती."

"असं कसं. बी.ए. हा तुमी." त्यांनी मला समजावल्यासारखं सांगितलं. "हे पाहा ना, छापील. खाली लिहेल बी हाये."

लेकीनं चहा आणला. ती म्हणाली, "बाबा म्हनत होते, अकोल्याचे मास्तर येतीन एखाद्या रविवारी. आता सोडून देल्लं म्हननं." त्यांनी तिच्याकडे पाहिलं तशी ती आत गेली.

खोली लहान होती. त्या भिंतीकडे पाठ करून बसायला जागा नव्हती, म्हणून तोंड करून बसावं लागलं. आम्ही चहा घेतला. पाऊस यंदा कसा, अकोल्यात पाणी येते का नळाले, असं बोलणं झालं. निघताना मी छापील पोस्टर त्यांच्यासमोर ठेवलं. म्हणालो, हे तुमच्याकडे राहू द्या.

"नाई साहेब. हे तुमच्यापाशीच शोभते. इथी उंदरं हायेत." त्यांनी स्वतः ते गुंडाळायला घेतलं; हातांना जमेना, तेव्हा माझ्याकडे दिलं.

मी पुढच्या महिन्यात पुन्हा गेलो, आणि त्यानंतरही दोन-तीनदा. दर वेळी सतरंजी आली, चहा आला, आणि साहेब आले. त्या घरात मी वऱ्हाडी बोलायचो आणि ते मला जमेल तितकं शुद्ध उत्तर द्यायचे.

त्या पहिल्या दिवशी परत येताना एसटीत बसायला जागा मिळाली नाही. सुरळी चेंगरू नये म्हणून छातीशी उभी धरून अकोल्यापर्यंत उभा होतो. शेजारच्या माणसानं विचारलं, "मास्तर दिसता. नकाशा हाये का?"

मी हो म्हणालो.